आई-बाबांच्या पायातलं बळ कमी होतंय आणि निदान अजून लागलेलं नाही: मधल्या काळात काय करायचं

दुखलं-खुपलं की आपल्याकडं माणूस दवाखाना गाठतो. पाय न दुखता नुसता लटपटायला लागला तर मात्र महिने निघून जातात. "वय झालं आता", "पावसाळ्यात असंच होतंय", "ऊसतोडीत दमला असंल". खानापूरपासून अथणीपर्यंत कुठल्याही घरात हीच वाक्यं ऐकायला मिळतील. मग एक दिवस बाबा उंबरा ओलांडताना पडतात. गावातले डॉक्टर बेळगावला दाखवा म्हणतात, बेळगावचे फिजिशियन न्यूरोकडं, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडं पाठवतात, न्यूरोची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते. आणि घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर गोव्यात नोकरीला असलेलं लेकरू, रात्री एक वाजता मोबाइलवर रोगांची नावं वाचत बसतं.

हे लिखाण त्या मधल्या काळासाठी आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती घरात पडलेली असते, ओपीडीतल्या दहा मिनिटांत ती वर येत नाही. ती गोळा करणं, दरम्यान माणसाला पडू न देणं, आणि कधी तारखेची वाट न बघता पळायचं हे माहीत असणं, ही तीन कामं घरच्यांची.

आधी हे तपासा: थांबायचंच नाही अशी लक्षणं

पुढचं काहीही दिसलं तर न्यूरोची तारीख विसरायची आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

एका बाजूचा हात-पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो लकव्याचा झटका समजायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून निपाणी, चिक्कोडी, खानापूरहून निघतानाच फोन करून विचारा: सीटी चालू आहे का, लकव्याचं इंजेक्शन मिळतं का. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या, इमर्जन्सीत पहिला प्रश्न तोच येतो. झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं आधी जाऊन हे तास घालवणारी घरं आपल्या भागात आजही आहेत. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. गिळणं बिघडलेलं असतं आणि ते श्वासनलिकेत जातं.

दोन-चार दिवसांत पावलांपासून वर चढत जाणारी कमजोरी, विशेषतः आधी जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल तर, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) असू शकते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. यात श्वासाचे स्नायूही थकू शकतात, म्हणून "आज बघू, उद्या बघू" चालत नाही. दम लागणं, घास अडकणं, आवाज बसणं ही त्याची धोक्याची पायरी.

लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, संडासची जाणीव गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला आणि सोबत पाय कमजोर झाले, तर मणक्यातल्या नसांवर किंवा मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. आपल्याकडं मोठी माणसं, त्यातही आया, हे सांगायला लाजतात. तुम्ही थेट विचारा. मुलीनं आईला, मुलानं बाबांना विचारलं तर सोपं जातं. हा दाब वेळेत काढला नाही तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

आणखी काही: पाठदुखीसोबत ताप किंवा वजन घटणं (मणक्याचा टीबी आपल्या देशात दुर्मिळ नाही), पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला नव्यानं पाठदुखी आणि पायात कमजोरी, एकच पाय थंड-पांढरा पडून असह्य दुखणं, पडल्यावर पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसणं. डोक्याला मार लागून गेल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, सुस्ती आणि पाय ओढणं सुरू होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच लक्षात ठेवा.

आणि शेतात, शेतघरात जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. रात्री ठीक असलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या उघडेनात, अंगातलं बळ गेलं, तर मण्यार चावलेली असू शकते. खूण दिसत नाही, दुखतही नाही. तडक सरकारी दवाखाना.

यातलं काही नसेल तर एक श्वास घ्या. वाट बघता येईल असा हा प्रकार आहे आणि त्या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ आहे.

"पाय जड झालेत" म्हणजे नेमकं काय

बाबा म्हणतात पाय जड झालेत. यात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि चारींचे रस्ते वेगळे जातात. जोर कमी पडतोय का? जोर आहे, पण पाय ताठ झालाय का? ताकद आहे, पण पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही का? की दुखतंय म्हणून जोर लावत नाहीत? उत्तर सरळ येत नाही, म्हणून प्रश्न कामाच्या भाषेत विचारायचे.

जेवायला पाटावर बसल्यावर किंवा देशी संडासातून उठताना हाताचा आधार लागतो, एसटीची पायरी चढवत नाही, पण पावलं ठीक पडतात: मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू कमजोर आहेत. यामागं थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, स्नायूंचे आजार, काही गोळ्यांचे परिणाम असू शकतात.

चप्पल पायातून निसटते, पाऊल टपटप आपटतं, चवड्यावर उभं राहता येत नाही: गुडघ्याखालचा भाग, म्हणजे बहुतेक नसांचा किंवा कमरेच्या मणक्याचा प्रश्न. निपाणीकडं विड्या वळायला तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांनी आणि भांगलणीला दिवसभर उकिडवं बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकावरून एक नस जाते. ती दबली की पाऊल वर उचलता येत नाही. लवकर कळलं आणि बसायची पद्धत बदलली तर बहुतेकांना उतार पडतो. अशा पायावर कुठं बधिर चट्टा आहे का तेही बघा. कुष्ठरोगातही हीच नस जाते आणि त्यावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

पाय ताठ, ओढत चालणं, आणि सोबत सदऱ्याची बटणं लावता येईनात, आईला वाती वळता येईनात, सुईत दोरा जाईना: दोष मानेच्या मणक्यात असू शकतो. ही जोडी सगळ्यांत जास्त निसटते, कारण तक्रार पायाची असते आणि एमआरआय कमरेचा काढला जातो.

थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं, सायकल मात्र कितीही चालवता येते: कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्याचा हा नमुना. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अंधारात भिंत धरावी लागते, कापसावर चालल्यासारखं वाटतं: बी-१२ ची कमतरता किंवा मधुमेहानं नसांना झालेली इजा. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या, आवाज, पाय सगळंच गळतं: मायस्थेनिया, म्हणजे नस आणि स्नायूच्या सांध्याचा आजार. पाऊल लहान, वळायला वेळ, अक्षर बारीक होत गेलेलं: पार्किन्सन. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, त्यात लघवीची घाई आणि विसरभोळेपणा: मेंदूत पाणी साचण्याचा एक प्रकार, ज्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो.

ही यादी पाठ करून डॉक्टरांना निदान सांगायला जाऊ नका. त्यांना ते आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच आहे. काय दिसलं तेवढंच सांगा.

एक बारीक गोष्ट मात्र आजच करा. आई-बाबांची रोजची जुनी चप्पल उलटी करून बघा. एका पायाचा चवड्याकडचा भाग जास्त झिजलाय का? अंगठ्याच्या टोकाला कातडं घासून पांढरं पडलंय का? पाऊल ओढलं जातंय याची ती नोंद असते, आणि तुम्हाला वाटतंय त्याहून जुनी. त्याचा फोटो काढून ठेवा.

एक वही, एक टेप, एक खुर्ची

"हळूहळू वाढतंय" या वाक्यातून डॉक्टरांना फार काही मिळत नाही. "गणपतीत जिना चढत होते, दिवाळीत कठडा धरून चढले, संक्रांतीपासून चढतच नाहीत" यातून मिळतं. तारखा आठवत नसतील तर सण, पेरणी, कुणाचं लग्न, गावची जत्रा यांना धरून आठवायला लावा. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तशाच लावलेल्या असतात.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, शक्यतो त्याच वेळेला ही मोजणी करा. शेजारी कुणीतरी उभं हवंच.

पहिली मोजणी खुर्चीची. बिनहाताची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं तर सरासरीच्या खाली. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर तसं लिहा, तीही नोंदच आहे.

दुसरी चालण्याची. खुर्चीपासून ३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूची रेघ मारा. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. आकड्यापेक्षा दर आठवड्याचा फरक महत्त्वाचा.

तिसरी पोटरीची. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर पेनानं खूण करून दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजा. एक बाजू बारीक होत चालली असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी टेपला कळतं. उलट एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली तर ती गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. महिन्यातून एकदा वजनही घ्या.

आणि व्हिडिओ. अनवाणी, धोतर-लुगडं गुडघ्यापर्यंत वर, समोरून, मागून आणि बाजूनं चालतानाचे वीस-वीस सेकंद पुरेत. आधी विचारून घ्या. न विचारता काढलेला व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर गेला की माणूस पुन्हा काही दाखवत नाही. महिन्यापूर्वीचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावला की न्यूरोच्या डॉक्टरांना अर्धी कहाणी कळते.

वहीत पडल्याची नोंद वेगळी ठेवा: कुठं, कधी, कुठल्या बाजूला, शुद्ध होती का, गुडघा दुमडला की पाय अडकला की चक्कर आली.

गोळ्यांची पिशवी

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. सगळी म्हणजे सगळी: काढे, गुटी, लेप आणि सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या कागदी पुड्यासुद्धा. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पहिल्या आठवड्यात माणूस उड्या मारतो आणि काही महिन्यांनी मांड्यांतलं बळ जातं. पुडी देणाऱ्याचं नाव सांगायची गरज नाही, पुडी दाखवा. आणि फार दिवस घेतलेली असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे.

आणखी काही ओळखीच्या गोळ्या: कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिननं काहींचे स्नायू दुखतात किंवा कमजोर होतात. रक्तदाबाच्या "पाणी काढायच्या" गोळ्यांनी पोटॅशियम, सोडियम घसरतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं आणि रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनं वर्षानुवर्षांत बी-१२ कमी होतं. चक्करेसाठी म्हणून सुरू केलेल्या आणि पुढं कुणी बंदच न केलेल्या सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन यांनी पार्किन्सनसारखी चाल येऊ शकते. हे वाचून एकही गोळी आपल्या मनानं थांबवू नका. फिजिशियनसमोर पिशवी ओतून विचारा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. रक्त तपासणीआधी "ताकदीचं लाल इंजेक्शन" घेऊ नका. गावात पाय दुखले तरी, थकवा आला तरी तेच देतात. त्यात बी-१२ असतं. ते घेतल्यावर रक्तातला आकडा भरलेला दिसतो आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळायचा मार्ग बंद होतो. माळकरी घरांत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या मांस-मासे नाहीत, तिथं ही कमतरता फार सापडते आणि वेळेत पकडली तर सुधारते. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या.

कुठं दाखवायचं

सुरुवात चांगल्या एमडी फिजिशियनपासून करा. साखर, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, किडनी, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) हे सगळं तालुक्याच्या गावातही करता येतं. न्यूरोच्या तारखेला हे रिपोर्ट हातात असले की एक फेरी वाचते.

पाटीवरची पदवी वाचायला शिका. डीएम न्यूरॉलॉजी म्हणजे औषधानं उपचार करणारे, एमसीएच न्यूरोसर्जरी म्हणजे ऑपरेशन करणारे. न दुखणारी कमजोरी आधी पहिल्यांकडं न्यावी. कमरेतून पायात कळ जात असेल तर मणक्याचे सर्जन किंवा हाडांचे डॉक्टरही चालतील. हाडवैद्याकडं मुरगळलेलं मनगट दाखवणं वेगळं. कारण माहीत नसलेल्या कमजोरीत मान किंवा कंबर कडकन मोडून घेणं म्हणजे असलेला दाब वाढवून घेणं.

बेळगावात सरकारी बिम्स आणि नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल हे नेहमीचे रस्ते. त्यापलीकडं हुबळी-धारवाड एका बाजूला आणि कोल्हापूर-मिरज दुसऱ्या बाजूला. हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही शंभराच्या आसपास किलोमीटर. बहुतेक मराठी घरं भाषेमुळं कोल्हापूर-मिरजेला पसंती देतात आणि आईला स्वतःची तक्रार स्वतःच्या शब्दांत सांगता येणं ही काही लहान गोष्ट नाही. पण योजनेचं कार्ड कुठं चालतंय हे त्याआधी बघा. हुबळी किंवा बंगळूरला गेलात तर एवढं कानडी पाठ करा: "कालल्ली शक्ती कम्मी आगिदे, नोवु इल्ला", म्हणजे पायात शक्ती कमी झालीय, दुखत नाही. पुढचं डॉक्टर हिंदीत विचारतात.

गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर बंगळूरचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल. पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्या फिल्म आणि सीडी न्या आणि राहायच्या तयारीनं जा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीतून जाता येतं, ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. लोअर बर्थ मागून घ्या, स्टेशनवर व्हीलचेअर सांगून ठेवा. माणूस प्लॅटफॉर्मवरच दमला तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत काय दिसणार?

पैशाचं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत मिळते. इमर्जन्सी सोडली तर खासगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं. ते न घेता आधी दाखल झालेली माणसं नंतर काउंटरवर अडतात. योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, ओपीडीतल्या तपासण्यांचा खर्च खिशातून धरून चाला. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर आपलं गाव यादीत आहे का, कुठले दाखले लागतील आणि या आजाराचं पॅकेज बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी फोन करून विचारा. दोन सरकारांच्या भांडणात आपला रुग्ण स्ट्रेचरवर नको.

नावाचा घोळ आताच मिटवा. आधारवर एक स्पेलिंग, कानडीतल्या रेशनकार्डावर दुसरं, रिपोर्टवर "रुक्मव्वा" तर कुठं "रुक्मिणी". हे काम रुग्ण घरी असतानाच होतं.

तपासण्यांबद्दल घरी जे बोललं जातं

विहिरीवरची मोटर चालेना तर आपण दोष डीपीत आहे, केबलमध्ये, स्टार्टरमध्ये की मोटरीतच, असा एकेक टप्पा बघतो. न्यूरोचे डॉक्टर तेच करतात: मेंदू, मज्जारज्जू, नस, नस आणि स्नायूचा सांधा, स्नायू. गुडघ्यावर हातोडी मारतात ती त्यासाठीच. पाय जोरात उडाला तर दोष वरच्या बाजूला, अजिबात उडाला नाही तर खालच्या नसांकडं, असा ढोबळ अंदाज त्यावरून येतो. म्हणून तपासणीला गेल्यावर एक प्रश्न नक्की विचारा: "दोष कुठल्या टप्प्यावर वाटतोय?" रोगाचं नाव अजून ठरलं नसलं तरी याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" वाचून घाबरू नका. साठीनंतर काहीच त्रास नसलेल्या माणसांच्या फिल्ममध्येही ते सर्रास असतं. नुसत्या तेवढ्यावर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर दुसरं मत घ्या. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. आतला आवाज फार मोठा असतो, कापसाचे बोळे मागून घ्या. बंद जागेची भीती असेल तर तेही बोला, उपाय असतो.

नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही-ईएमजी. हलके शॉक आणि बारीक सुई. त्या दिवशी अंगाला तेल चोळून जाऊ नका, पॅच नीट चिकटत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि पेसमेकर इथंही सांगा. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो ही समजूत आपल्याकडं पक्की बसलीय. ती खोटी आहे. डोकं दुखू शकतं, दोन-तीन दिवस कंबर दुखेल. या तपासणीमुळं काही बरे होणारे आजार सापडतात, तेव्हा काकूंनी कितीही सांगितलं तरी नुसत्या भीतीपोटी नकार देऊ नका.

घर आवरायचं, माणूस अंथरुणाला टेकवायचा नाही

"पडू नये म्हणून झोपूनच राहा" हा सल्ला प्रेमापोटी असतो आणि नुकसान करतो. म्हाताऱ्या शरीराचे स्नायू अंथरुणात फार झपाट्यानं झिजतात. चालू द्या, पण दमेपर्यंत नको. दुसऱ्या दिवशी जास्त कमजोरी वाटली तर आदल्या दिवशी जास्त झालं. यल्लम्माला किंवा पंढरपूरला चालत जायचा बेत असेल तर यंदा गाडीनं, देव समजून घेतो.

पडणं बहुतेक न्हाणीत आणि रात्री लघवीला उठताना होतं. न्हाणीत धरायला भिंतीत पक्का रॉड बसवा. टॉवेलचा रॉड नव्हे, तो वजनानं उखडतो. देशी संडासावर बसवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. दारातली गोणपाटं, पाय अडकेल अशा सतरंज्या काढा. उंबऱ्यावर चुन्याची किंवा पिवळ्या रंगाची पट्टी ओढा. परसातलं शेवाळ पावसाळ्यात दर आठवड्याला घासावं लागतं, खानापूरकडच्या पावसात तर त्याहून आधी. कातडी तळाच्या गुळगुळीत चपला फरशीवर नकोत, मागं पट्टा असलेले रबरी सँडल द्या.

काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीला यावी. धरायची ती कमजोर पायाच्या उलट्या हातात, इथं बहुतेकांचं उलटं होतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी म्हणजे म्हातारपण म्हणून आमच्या आईनं ती कोपऱ्यात टाकली होती. लांब दांड्याची छत्री मात्र तिनं आनंदानं घेतली. छत्री ही काठी नव्हे, टोकाला रबराचं बूच बसवूनसुद्धा नव्हे, पण काठीपर्यंत पोचायला ती उपयोगी पडली.

गाडीचं आधीच बोला. बाईकचा मागचा ब्रेक उजव्या पायावर, ट्रॅक्टरचा क्लच डाव्यावर. पाऊल उचलत नसेल तर निदान लागेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडं. आईला स्कूटरवर एका बाजूला बसवून नेत असाल तर कमजोर पाय पायरीवरून घसरून चाकाकडं जातो. रिक्षा करा.

बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक नको, विटेचा तर नकोच. भाजलेलं कळत नाही आणि मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्‌महिने चालते. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, त्यानं मायेचं काम होतं.

रात्रीचा मोबाइल

शोधत शोधत बहुतेक जण मोटर न्यूरॉन आजारापर्यंत, म्हणजे एएलएसपर्यंत पोचतात आणि तिथंच अडकतात. तो आजार आहे, गंभीर आहे, आणि न दुखता एका पायात कमजोरी येऊन सुरू होऊ शकतो, हे खरं. पण तो दुर्मिळ आहे. युरोपातल्या नोंदी बघितल्या तर वर्षाला लाखामागं दोन-तीन नवे रुग्ण. मधुमेह, बी-१२, मणक्यावरचा दाब हे त्याच्या कितीतरी पट. मांडीत फडफड दिसली एवढ्यावरून काही ठरत नाही, ती धडधाकट माणसांतही होते. आणि तोच आजार असला तरी तो ठरवायला वेळ लागतो, कारण बाकीचं सगळं आधी वगळावं लागतं. डॉक्टर पुन्हा तीन महिन्यांनी बोलावतात तेव्हा ते टाळत असतातच असं नाही. काही आजारांची ओळख दोन भेटींमधल्या फरकातूनच पटते.

वाचायचंच असेल तर दिवसा वाचा आणि प्रश्न वहीत उतरवा. झोप उडाली, छातीत धडधड होतेय, कामात लक्ष लागेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे. आजाऱ्याच्या मुलांनी तो करायचा नसतो असं काही नाही.

भावंडांत कामं वाटून घ्या. फाइल एकाकडंच. बाहेरगावच्या भावानं रोज फोनवर "अजून कसं कळलं नाही" विचारण्यापेक्षा तारखा आणि योजनेचे फोन करावेत. आई-बाबांना काय सांगायचं? तपासण्या कशासाठी चालल्यात तेवढं खरं सांगा. कानामागं कुजबूज ऐकली की त्यांच्या मनात आपल्यापेक्षा वाईट नाव येतं, आणि ते कुणाला विचारतही नाहीत.

तारीख लवकर मिळवायची असेल तर, आणि त्या दिवशी

आठवड्याच्या मोजणीत आकडे सरळ घसरत असतील, पुन्हा पडणं झालं असेल, नवीन हात किंवा गिळणं यात आलं असेल, तर थांबू नका. फिजिशियनकडं जाऊन वही दाखवा आणि त्यांच्याकडून चिठ्ठीत "झपाट्यानं वाढणारी कमजोरी" असं लिहून घ्या. "लवकरची तारीख द्या हो" या विनवणीपेक्षा "मागच्या महिन्यात खुर्चीतून ११ वेळा उठत होते, आता ५ वेळा" हे वाक्य काउंटरच्या पलीकडं जास्त चालतं.

त्या दिवशी सैल चड्डी किंवा गुडघ्यावर सहज जाणारे कपडे घालायला सांगा. बोलणारं एकच माणूस आत जाऊ दे. पहिल्या मिनिटात चारच गोष्टी: कधीपासून, कुठून सुरू झालं, आता काय जमत नाही, किती वेगानं वाढतंय. मग व्हिडिओ. पिशवी टेबलावर. आणि निघताना हे विचारून त्यांच्यासमोरच वहीत लिहा: कुठले आजार आता वगळले, बरे होण्यासारखे कुठले अजून यादीत आहेत, पुढच्या तपासणीनं उपचारात काय बदलणार, फिजिओथेरपी आतापासून सुरू करायची का, काय झालं तर तारखेआधी यायचं आणि तेव्हा फोन कुणाला करायचा. बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी फिल्म, सीडी आणि जुने रिपोर्ट टेबलावरून परत घेतले का ते मोजा. हरवतात ते तिथंच.